आखाजीचे मांडे आणि सोळा दिवसांचा हात

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातून लिहिते आहे. वय ५४. उजव्या मनगटात नस दबली होती, म्हणून १६ दिवसांपूर्वी ऑपरेशन झाले. जागेवरचीच भूल दिली आणि संध्याकाळी घरी सोडले. १२व्या दिवशी टाके काढले. रात्री मुंग्या येऊन झोपमोड व्हायची ती थांबली. पण बोटांची टोके अजून बधिर आहेत, तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना ठणका लागतो आणि भरलेला तांब्याही उचलवत नाही. मग ऑपरेशन वाया गेले का? सून हात गळ्यातल्या झोळीतून बाहेर काढू देत नाही. सासूबाई म्हणतात, हळद आणि बिब्बा लाव. शेजारीण म्हणते, भाकरी थापायला लागा, हात आपोआप मोकळा होईल. तीन आठवड्यांवर आखाजी (अक्षय्य तृतीया) आली आहे, दोन्ही लेकी यायच्या आहेत आणि आमच्याकडे खापरावरचे मांडे मीच करते. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ठणका लागला की सासऱ्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांतली एक घेते. डाव्या हातालाही रात्री कधी कधी मुंग्या येतात, पण ते चालायचेच. मी कोणाचे ऐकू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अर्ध्यावर सोडून पुढे गेला आहात. रात्रीच्या मुंग्या थांबल्या, असे तुम्ही लिहिले आणि लगेच ‘पण’ म्हणून तक्रारींकडे वळलात. हे ऑपरेशन ज्या कारणासाठी करतात त्यातले पहिले कारण तेच असते. नसेवरचा दाब उतरला, तिचा रक्तपुरवठा सुरळीत झाला, की रात्रीच्या मुंग्या आणि कळा बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांतच कमी होतात. तुमच्या त्या थांबल्या आहेत. तेव्हा ऑपरेशन वाया गेले ही शंका मनातून काढून टाका; जे उरले आहे ते वेळेचे काम आहे, आणि किती वेळ ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे, हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांच्या सोबतीने ‘मीडियन’ नावाची एक नस जाते. बोगद्याला वरून छत असते ते एका जाड, चिवट पट्ट्याचे. आत सूज आली किंवा पट्टा जाड झाला की कंडरा टिकून राहतात; चिरडली जाते ती नस. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना स्पर्शाची जाणीव देते. म्हणून करंगळी शाबूत आणि बाकीची बोटे बधिर, असे चित्र दिसते. शस्त्रक्रियेत नसेला हात लावलेला नसतो. वरचा पट्टा कापून तिला जागा करून दिलेली असते. आता त्या नसेचे जे तंतू दाबाखाली झिजले, ते पुन्हा वाढायला लागतात, आणि त्यांच्या वाढीचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर धरतात. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर स्वतःच मोजून पाहा, म्हणजे १६व्या दिवशी टोके बधिर असण्यात काही विपरीत नाही हे लक्षात येईल. सहा महिने, कधी वर्षही लागते. मधुमेहात हा वेग आणखी मंदावतो. आजार फार जुना असेल आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा ऑपरेशनच्या आधीच बसून गेला असेल, तर थोडी बधिरता आणि अशक्तपणा कायम राहू शकतो, हेही आताच सांगून ठेवते. पण तो निकाल वर्षभराने लावायचा असतो.

तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लागणारा ठणका तर या शस्त्रक्रियेच्या पाठोपाठ येणारा ओळखीचा पाहुणा आहे. तो जखमेवर नसतो, जखमेच्या अल्याड-पल्याड असतो, कारण कापलेला पट्टा ज्या हाडांना धरून होता तिथला ताण बदललेला असतो. तळहात टेकवून उठताना किंवा काही दाबताना तो जास्त जाणवतो. पहिले काही आठवडे मूठ ऑपरेशनच्या आधीपेक्षाही कमजोर वाटते; भरलेला तांब्या न उचलवणे हे त्यातलेच आहे. बहुतेकांचा हा ठणका तीन महिन्यांत विरत जातो, काहींना सहा महिने लागतात, आणि मुठीची ताकदही साधारण त्याच बेताने परत येते.

आपल्याकडे टाके निघाले म्हणजे जखम बरी झाली असे धरतात. घरातली माणसेही त्या दिवसापासून निश्चिंत होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परातीत पीठ वाट पाहत असते. प्रत्यक्षात टाके निघतात तेव्हा कातडीच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात, एवढेच. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढीच ताकद असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि पुढे तिथेच राहते. त्याखाली कापलेला पट्टाही हळूहळू नव्या ऊतीने सांधत असतो, जरा लांब होऊन, म्हणजे बोगदा मोठा राहतो. हे आतले काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची कोणी पत्रास ठेवत नाही.

आता घरातल्या तीन सल्लागारांकडे वळू. तिघींचेही मन चांगले आहे, हे आधी मान्य करते.

सूनबाईंची झोळी आजच सोडा. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात छातीच्या वर ठेवायचा असतो, सूज उतरावी म्हणून. तेही झोळीत नव्हे, उशीवर. झोळीत हात पोटाशी लोंबतो, बोटे खालच्या बाजूला राहतात आणि सूज उलट तिथेच साचते. त्याहून मोठी गोष्ट खांद्याची आहे. दिवसच्या दिवस खांदा न हलवता ठेवला तर तो आखडतो, आणि मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असते. मनगटाच्या दोन इंची जखमेपायी खांदा धरून बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. मनगट दोन महिन्यांत विसरले गेले आणि खांद्याने पुढचे वर्ष घेतले. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा हात डोक्यावर सरळ उचला, कोपर पूर्ण वाकवा आणि सरळ करा.

बोटांचे तर याहून नेमाने करायला हवे. त्या नऊ कंडरा अरुंद जागेत नसेला चिकटून असतात. हात स्थिर ठेवला तर भरून येणारी जखम त्यांना एकमेकींशी आणि नसेशी चिकटवून टाकते. त्यांनी बोगद्यातून मागेपुढे सरकत राहावे, एवढाच व्यायामाचा हेतू आहे, त्यात जोर काही लागत नाही. बोटे सरळ ताठ करा. मग बोटांची वरची दोन पेरे वाकवून आकड्यासारखा आकार करा, मग पूर्ण मूठ मिटा आणि पुन्हा बोटे सरळ करा. अंगठ्याचे टोक एकेका बोटाच्या टोकाला लावा आणि शेवटी करंगळीच्या मुळापर्यंत न्या. हे प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. मनगट या वेळी सरळ असावे. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत मनगट आत वाकवून मूठ घट्ट आवळणे, ही एकच हालचाल मी कटाक्षाने टाळायला सांगते, कारण छत कापलेले असल्यामुळे त्या स्थितीत कंडरा धनुष्याच्या दोरीसारख्या वर उचलल्या जाऊ पाहतात.

आणि नेमकी हीच हालचाल आपल्या घरकामात पदोपदी आहे. धुणे पिळताना दुसरे काय करतो आपण? ओल्या गोधडीचे राहू द्या, साधा टॉवेल पिळतानाही मनगट वळते आणि मूठ आवळली जाते. शेजारणीच्या भाकरीचीही गोष्ट तशीच. तिचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, हात हलता ठेवायला हवा; पण भाकरी थापताना तळहाताचा जो भाग परातीवर आपटतो, बरोबर त्याच भागावर तुमचा व्रण आहे. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचे पीठ मळायलाही अंगातला जोर मनगटातून उतरवावा लागतो. लाटण्यावर पापड लाटताना तळहाताचे बूड दाबले जाते. बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) शिजते पीठ मोठ्या पातेल्यात हाटताना तर खांद्यापासूनचा जोर मुठीत येतो, तेव्हा यंदाचे बिबडे दुसऱ्या कोणाच्या हातचे खायचे, असे आताच ठरवून टाका. पाणी येईल त्या दिवशी हंडे भरून ओट्यावर चढवणे हेही या यादीत वरच्या जागी आहे, आणि आपल्या भागात पाणी रोज येत नसल्यामुळे ते काम एकाच सकाळी सगळे अंगावर येते.

मग करायचे काय? उजव्या हाताने जेवा, केस विंचरा, साडीच्या निऱ्या करा, हुकबटणे लावा, कोथिंबीर निवडा, कपभर चहा धरा, फोन धरा, सही करा. आज तुमच्यासाठी भार म्हणजे एका चहाच्या कपाएवढा. चौथ्या आठवड्यापासून पाव-अर्धा किलोची वस्तू, सहाव्या आठवड्यानंतर साधे घरकाम, आणि मळणे, थापणे, पिळणे, भरला हंडा उचलणे ही कामे आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान, एकेक करून. सगळे एकदम सुरू करू नका. आपण मर्यादा ओलांडली की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते: काल जे केले त्याने आज सकाळी हात सुजलेला किंवा जास्त दुखरा असेल, तर ते काम आणखी आठवडाभर पुढे ढकलायचे. स्कूटर चालवत असाल तर ती ब्रेक दचकून, पूर्ण ताकदीने दाबता येईपर्यंत बाजूला ठेवा; पुढचा ब्रेक आणि गती दोन्ही उजव्याच हातात असतात.

बधिर बोटांबद्दल एक इशारा स्वतंत्रपणे द्यायला हवा, कारण तुमच्या पत्रात तो धोका कुठे दिसत नाही. ज्या बोटाला स्पर्श नीट कळत नाही त्याला चटकाही उशिरा कळतो. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. निरोगी हात वाफ लागताच मागे येतो, बधिर हात फोड येईपर्यंत तिथेच राहतो. मधुमेहात असा फोड लवकर भरत नाही. तेव्हा जाणीव परत येईपर्यंत उजव्या हाताला शेगडी, तवा आणि चूल पूर्ण वर्ज्य समजा. गरम पाण्यात हात घालण्याआधी डाव्या हाताने अंदाज घ्या. विळीवरही हाच नियम.

आता सासूबाईंचा उपाय. हळदीबद्दल मला आदर आहे, पण ती डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि दुसरे असे की ती जखमेला पिवळे करून टाकते, त्यामुळे लाली पसरते आहे का, हे ओळखण्याची सोयच राहत नाही. दुधातून प्यायची असेल तर प्या. बिब्बा मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नका. बिब्ब्याचे तेल चांगल्या कातडीवरही फोड आणते, भाजल्यासारखी जखम करते. चार दिवसांपूर्वी टाके निघालेल्या कातडीचे त्याने काय होईल ते सांगायला नको. सासूबाईंना हे तोडून सांगू नका. त्यांच्या काळात जखमेला दुसरे काही हाताशी नव्हते. ‘डॉक्टरांनी काहीच लावू नको म्हटले आहे’ हे वाक्य घरात पुष्कळ वाद मिटवते.

सध्या जखमेला खरोखरच फारसे काही लागत नाही. टाके काढून चार दिवस झाले आहेत, जखम कोरडी आणि मिटलेली असेल, तर साध्या साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुवायला हरकत नाही. घासायचे नाही, नंतर स्वच्छ कापडाने टिपून कोरडा करायचा. बादलीत, भांड्यांच्या पाण्यात हात बुडवून ठेवणे अजून दोन आठवडे नको. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पट्टीखाली घाम साचून कातडी पांढरी आणि लिबलिबीत होते व जखमेच्या कडा पुन्हा सुटू शकतात. म्हणून धुळीत किंवा गोठ्यात जातानाच पट्टी बांधा, घरात हात उघडा राहू द्या. बाहेर पडताना व्रणावर ऊन पडू देऊ नका, नाहीतर तो काळवंडतो. पदराखाली हात घेतलात तरी पुरे. बांगड्यांचाही प्रश्न तुमच्या मनात असेल, तुम्ही लिहिलेला नसला तरी. हात मोकळा नसावा ही रीत डाव्या हातातल्या बांगड्या राखतात. उजव्या हातात सूज पूर्ण उतरल्याशिवाय बांगडी आणि अंगठी चढवू नका, आणि तळहात दाबून भरायच्या काचेच्या बांगड्या तर तीन महिन्यांनंतरच.

खपली आपोआप गळून व्रण सगळीकडे कोरडा झाला की मालीश सुरू करायची. साधे खोबरेल पुरते. डाव्या अंगठ्याने व्रणावर दाब द्यायचा, तो भाग जरासा फिका पडेल इतका, आणि लहान लहान गोल फिरवायचे. पाच मिनिटे, दिवसातून तीनदा. यामुळे व्रण खालच्या थराला चिकटून राहत नाही. व्रणाला नुसता साडीचा काठ लागला तरी शिरशिरी येत असेल, तर त्यावरचा इलाज आपल्या खानदेशात घराघरात पडलेला आहे. आधी कापसाच्या बोंडातला मऊ कापूस व्रणावर फिरवायचा, दोन-तीन मिनिटे. तो सहन होऊ लागला की जुने सुती लुगडे, मग खरखरीत टॉवेल, आणि शेवटी पसाभर दादर (ज्वारी) एका भांड्यात घेऊन त्यात हात घालून दाणे चाळवायचे. नसेला स्पर्शाची पुन्हा ओळख करून देण्याची ही पद्धत आहे. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातही हेच करतात, फक्त भांडे चकचकीत असते.

सासऱ्यांच्या गोळ्या थांबवा. गुडघेदुखीसाठी देतात त्या गोळ्या बहुधा मूत्रपिंडावर आणि जठरावर ताण आणणाऱ्या असतात, आणि मधुमेहात मूत्रपिंड आधीच सांभाळायचे असते. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल घ्या, ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन मात्रांत किमान सहा तास ठेवून. तीही रोज नेमाने नको, लागेल तेव्हाच. यकृताचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्या मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांत स्वतःहून बदल करू नका.

जखम भरण्यासाठी साखर ताब्यात असणे हे कोणत्याही मलमापेक्षा मोलाचे आहे, म्हणून पुढचे तीन आठवडे उपाशीपोटीची साखर आठवड्यातून दोनदा तरी तपासा. पथ्याच्या नावाखाली ताटातून काढून टाकलेले पदार्थ परत आणा. आंबट खाल्ल्याने पू होतो, वांग्याने जखम चिघळते, या समजुतींना आधार नाही. भरीत खा, वरून लिंबू पिळा, ते दुसऱ्याने पिळलेले असावे एवढेच. नवी ऊती बनायला प्रथिने लागतात: कळण्याच्या भाकरीतला उडीद, मूग-मटकी, दाणे, ताक, चालत असतील तर अंडी.

पुढीलपैकी काहीही दिसले तर आखाजीची वाट पाहू नका, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा: उतरत चाललेले दुखणे पुन्हा चढू लागणे, व्रणाभोवतीची लाली पसरणे, पू किंवा वास येणे, ताप, जखमेची कड सुटणे, बोटे सुजून मूठच न मिटणे, किंवा आधी नसलेल्या ठिकाणी बधिरता येणे. पूर्ण हात सुजून तुकतुकीत, गरम आणि घामट झाला आणि नुसता वारा लागला तरी सहन होईना, असे क्वचित होते. तिथेही उशीर महागात पडतो.

आता मांडे. हा प्रश्न तुम्ही पत्रात मध्येच कुठेतरी घातला आहे, पण पत्र त्यासाठीच लिहिले आहे, असे मला वाटते.

आखाजीला तुमच्या हाताला ३७ दिवस झालेले असतील, म्हणजे पाच आठवडे आणि दोन दिवस. मांड्याची कणीक साध्या पोळीसारखी मळून भागत नाही, ती तार सुटेपर्यंत तिंबावी लागते, आणि तो सगळा मार तळहाताच्या बुडावर येतो. पुढे पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन, मनगटे फिरवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि त्याच झोकात पेटत्या चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायचा. त्या शेवटच्या क्षणी बोटे खापराच्या किती जवळ असतात ते तुम्हाला माहीत आहे. कमजोर मनगट आणि बधिर बोटे घेऊन हे काम करायला मी परवानगी देऊ शकत नाही. तिंबणे आणि खापर, दोन्हीला माझा स्पष्ट नकार आहे.

तुमची अडचण मला कळते. लेकी माहेरी येतात त्या चार दिवस हात-पाय पसरून बसायला, झोक्यावर बसून गाणी म्हणायला. त्यांना चुलीपुढे बसवायचे तुमच्या जिवावर येते. आणि सून, जिने इतके दिवस तुमचा हात झोळीत जपला, तीही आखाजीला स्वतःच्या माहेरी जाणार. म्हणजे ऐन सणाला घरात उरता तुम्ही, सासूबाई आणि पुरुष मंडळी. तर पुरुषांपासूनच सुरुवात करा. हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीत जे पुरुष ढीगभर वांगी भाजून ठेचतात, त्यांच्या मनगटांना दोन किलो कणीक तिंबणे जड जाऊ नये. पुरण वाटण्याचे यंत्र फिरवायलाही तेच हात चालतील. मांडे पसरायला, गावात लग्नकार्याला मांडे करून देणाऱ्या बाया असतातच, त्यांतल्या एखादीला त्या सकाळपुरते बोलवा आणि तिला तिचे पैसे द्या. सून माहेरी निघण्याआधीच्या आठवड्यात तिला समोर बसवून दोन-चार मांडे करायला लावले तर त्याहून चांगले. पहिला फाटेल, दुसरा जाड होईल, पण तुमच्या घरचे प्रमाण तिच्या हातात उतरायला हीच वेळ आहे, कारण यंदा तुम्ही मध्येच ‘सरक, मी करते’ म्हणून गोळा तिच्या हातून काढून घेऊ शकणार नाही.

तुम्ही स्वतः पाटावर बसा. कणकेचा ताण बरोबर आला का, पुरण सैल तर नाही, खापर किती तापले, हे पाहायला मनगट लागत नाही. नैवेद्यापुरता एक तरी मांडा आपल्या हाताचा असावा असे मन म्हणत असेल, आणि त्या दिवशी हातावर सूज नसेल, तर लिंबाएवढा लहान गोळा घ्या, तो चुलीपासून लांब बसून पसरा आणि खापरावर दुसऱ्या कोणाला टाकू द्या. एकच. झोक्यावर बसलात तर दोर उजव्या हाताने धरू नका, आणि कोणी मागून उंच झोका देणार असेल तर बसूच नका. आमरस किती घ्यायचा हा तुमच्या साखरेचा आणि तुमचा प्रश्न आहे, मी तिथे वाटीकडे बोट दाखवून थांबते.

राहिला डावा हात, ज्याबद्दल ‘ते चालायचेच’ असे तुम्ही लिहिले आहे. ते चालू देऊ नका. हा आजार पुष्कळदा दोन्ही हातांना असतो, मधुमेहात आणि थायरॉइडच्या विकारात विशेषच, आणि सध्या तुमचा डावा हात दोघांचे काम करतो आहे. मुंग्या कधीमधीच येतात तोवर बिनऑपरेशनचा इलाज लागू पडण्याची शक्यता बरीच असते. मेडिकल स्टोअरमध्ये आतून ताठ पट्टी असलेला मनगटाचा पट्टा मिळतो. तो रात्री झोपताना, मनगट सरळ राहील असा आणि बोटे मोकळी हलतील इतपत सैल बांधायचा, रोज, निदान सहा आठवडे. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, आणि व्रण दाखवायला जाल तेव्हा उजव्याबरोबर डावा हातही डॉक्टरांपुढे ठेवा.